शनिवार तेल्यांची घरची शिकवण

पूर्वी ज्याला कुलाबा म्हणत आणि आज ज्याला रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांतील खेड्यांत तेल्यांचे दोन वर्ग ओळखले जात. एक सोमवार तेली आणि दुसरे शनिवार तेली. पहिल्या वर्गातील तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा जुंपीत नसत. दुसऱ्या वर्गातील घरांचा घाणा शुक्रवारी दिवस मावळता मावळता थांबे, तो शनिवारचा सूर्यास्त होईपर्यंत हलत नसे. बैलांना विसावा मिळे, चूल पेटत नसे, आणि आदल्या दिवशी रांधून ठेवलेल्या अन्नावर घर जेवत असे. असे का, म्हणून कोणी विचारले तर पुष्कळदा एवढेच उत्तर मिळे की, आमच्या वाडवडिलांपासून असेच चालत आले आहे.

हे शनिवार तेली म्हणजे कोकणातील यहुदी. ते स्वतःला 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलाची लेकरे, म्हणवीत. मराठी हीच त्यांची मातृभाषा होती, लुगडे आणि पागोटे हाच त्यांचा पोशाख होता, आणि राजपूरकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे होती. शेकडो वर्षे त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, सभागृह नव्हते आणि ग्रंथाची भाषाही अवगत नव्हती. तरीही धर्म टिकला. तो कोणी टिकविला आणि कसा टिकविला, हा प्रश्न केवळ एका लहान समाजापुरता नाही. पोटाच्या उद्योगात सकाळपासून रात्रीपर्यंत गुंतलेल्या आईबापांनी मुलांना श्रद्धेचा वारसा द्यावा कसा, हा जो सर्व समाजांपुढचा जुना प्रश्न आहे, त्याचे एक उत्तर या इतिहासात सापडते.

या समाजाची परंपरागत कथा अशी आहे. फार पूर्वी पश्चिमेकडून निघालेले एक गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी खडकांवर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावच्या भूमीत पुरली. त्यांच्याजवळचे ग्रंथ मात्र समुद्राने गिळले. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे आद्य इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी तो काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. इतरांनी तो बराच अलीकडे आणला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय अभ्यासाने या समाजात यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा संगम असल्याचे दाखविले. तेव्हा तारखेचा वाद बाजूला ठेवला तरी कथेतील एक गोष्ट उरतेच : दूर देशाहून आलेली काही माणसे या किनाऱ्यावर स्थिरावली, आणि त्यांच्या हाती ग्रंथ उरला नाही.

मग उरले काय? आठव्या दिवशी मुलाची सुंता करणे, शनिवार पाळणे, खाण्यापिण्याचे काही विधिनिषेध, काही सण आणि उपवास, आणि हिब्रू भाषेतील एक लहानशी प्रार्थना. एका देवाची ग्वाही देणारी ही प्रार्थना तिच्या पहिल्या शब्दावरून 'शमा' या नावाने ओळखली जाते. जन्म असो, लग्न असो, मरण असो, प्रत्येक प्रसंगी बेने इस्राएलांच्या मुखी हेच शब्द येत. १७३८ साली एका ख्रिस्ती मिशनऱ्याने पाठविलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे. त्यांना बायबल ठाऊक नाही, हिब्रू येत नाही, त्यांना येते ती 'शमा' एवढीच प्रार्थना, असे त्याने नमूद केले आहे.

एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पिढ्यामागून पिढ्या घडविण्याचे काम कोणत्या शाळेत झाले? ती शाळा म्हणजे घर होय. आणि त्या घरातही विशेषेकरून स्वयंपाकघर. तेल्याच्या घरी मुलांना समोर बसवून पाठ देण्यास सवड कोणाला होती? पुरुष घाण्यावर, शेतावर किंवा तेलाची भांडी घेऊन बाजाराच्या वाटेवर. स्त्रिया दळण, पाणी, रांधणे आणि पोरेबाळे यांत. धर्माकरिता वेगळा तास काढणे या संसाराला परवडणारे नव्हते. म्हणून धर्म कामातच जाऊन बसला. कोळीण पाटी घेऊन दारात आली की आई त्यातली काही मासळी घेई आणि काही परत टाकी. ज्या माशाला पर आणि खवले आहेत तो घ्यावयाचा. मुशी, सिंगाळा, कोलंबी, खेकडा यांना हात लावावयाचा नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला हा नियम कोणी घोकावयास लावला नाही. वर्षातून शेकडो वेळा तो तिच्या डोळ्यांसमोर पाळला गेला, इतकेच. लेवीय नावाचे पुस्तक तिने कधी पाहिले नव्हते; परंतु त्या पुस्तकातील एक अध्याय तिच्या बोटांना पाठ होता.

सणांचेही तसेच. बेने इस्राएलांच्या जुन्या सणांची नावे पाहिली तर एक मोठी अर्थपूर्ण गोष्ट ध्यानात येते. वर्षारंभाचा सण त्यांच्याकडे 'नव्याचा सण' होता. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाचा दिवस म्हणजे 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन घरात राहावयाचे. एका सणाला खीर करावयाची, म्हणून तो 'खिरीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनाला बिरडे खावयाचे, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेच्या सणात आंबवलेले पदार्थ वर्ज्य. त्यासाठी आंबट रसाचे भांडे झाकून ठेवावयाचे, म्हणून त्याचे नाव 'अनाशी ढाकाचा सण'. या नावांत मोशे नाही, मिसरचा राजा नाही, मंदिर नाही. ज्या घटनेसाठी सण पाळावयाचा ती घटना विस्मृतीत गेली होती. पण त्या दिवशी हातांनी काय करावयाचे, हे मात्र नावातच बांधून ठेवले होते. गोष्ट विसरली जाते, क्रिया विसरली जात नाही. घर नावाच्या शाळेची ही रीत आहे. आणि तिचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही या सणांच्या नावांत एकदमच दिसतात.

या शाळेची परीक्षा एकदा झाली, अशी समाजाची आख्यायिका आहे. दावीद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. हा प्रवासी कोणत्या काळचा याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तो सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा; काही त्याला अठराव्या शतकात कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी घराण्यात शोधतात. शनिवारी काम न करणाऱ्या या तेल्यांविषयी त्याला कुतूहल वाटले. हे आपले धर्मबांधव आहेत की काय, याची खात्री त्याने कशी करून घ्यावी? पुरुषांना प्रश्न विचारून उपयोग नव्हता, कारण ग्रंथ त्यांना ठाऊकच नव्हता. त्याने बाजारातून नाना प्रकारची मासळी आणविली आणि ती घरातील स्त्रियांपुढे रांधण्यासाठी ठेवली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेतली व उरलेली बाजूला सारली. राहाबीला हवे होते ते उत्तर मिळाले.

ही कथा इतिहास म्हणून किती ग्राह्य धरावी, हा भाग निराळा. परंतु एखादा समाज स्वतःविषयी कोणती कथा जपून ठेवतो, हेही इतिहासाचेच साधन असते. आपल्या धर्माची साक्ष कोणी शास्त्री-पंडिताने दिली नाही, ती मासे निवडणाऱ्या गृहिणींनी दिली, असे हा समाज अभिमानाने सांगत आला. त्यानंतर राहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना शिकविले आणि त्यांना धर्मकृत्यांचा अधिकार दिला. कोकणच्या रिवाजाप्रमाणे त्यांना 'काजी' म्हणू लागले, आणि हे काम त्यांच्या घराण्यांत वंशपरंपरेने चालले.

ग्रंथ या समाजाच्या घरी परत आला तो मुंबईच्या वाटेने. १७४६ च्या सुमारास दिवेकर घराण्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस येऊन राहू लागली. घाणा सुटला, त्याच्या जागी कंपनी सरकारची पलटण, सुतारकाम, बांधकाम आणि पुढे कचेऱ्या आल्या. कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे सांगतात. १७९६ साली त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सभागृह उभारले. बेने इस्राएल आपल्या बोलीत त्याला मशीदच म्हणत. पुढे १८२६ च्या सुमारास कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक मुंबईस आणि कोकणात येऊ लागले. त्यांनी प्रार्थना शिकविल्या, सणांच्या तिथी नीट लावून दिल्या आणि विस्मृतीत गेलेल्या कथा पुन्हा सांगितल्या.

याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून बेने इस्राएलांची मुले शिकू लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. मिशनऱ्यांनी जुन्या कराराची मराठी भाषांतरे केली. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपलेले नव्हते. परंतु झाले ते वेगळेच. कोकणातील घरांतून आलेल्या मुलांनी ती पुस्तके उघडली, तेव्हा त्यांना त्यांत परका धर्म न दिसता आपलेच घर दिसले. शनिवारी घाणा का थांबतो, आई मुशी का घेत नाही, बाप दारे लावून का बसतो, या प्रश्नांची उत्तरे तेथे लिहिलेली होती. धर्मांतर फार थोड्यांनी केले. मिशनऱ्यांनी दिलेल्या पुस्तकाने या समाजाची स्वतःच्या धर्मावरील पकड घट्ट केली. ज्यांच्या घरात आचार जिवंत होता, त्यांनाच ग्रंथ असा ओळखता आला. ज्यांच्या घरात काहीच उरले नसते, त्यांच्या मुलांना ते केवळ एक क्रमिक पुस्तक वाटले असते.

ग्रंथ आला तेव्हा त्याने पहिली जागा मागितली ती घरातच, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर 'हग्गादा' या पोथीची मराठी भाषांतरासह आवृत्ती निघाली. ही पोथी सभागृहात वाचावयाची नसते. सुटकेच्या सणाच्या रात्री जेवणाच्या ताटापुढे कुटुंब बसलेले असताना ती वाचावयाची असते. आणि तिचा आरंभच मुळी घरातील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी होतो. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का, असे मूल विचारते, आणि मग वडीलधारी माणसे त्याला मिसरच्या दास्याची आणि सुटकेची कथा सांगतात. म्हणजे ही पोथी पंडितांसाठी नसून आईबापांसाठी आहे. कोकणच्या मुलाला तो प्रश्न त्याच्या स्वतःच्या भाषेत कळला, तो या आवृत्तीमुळे. १८७४ मध्ये पुण्यास अशीच एक सचित्र आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या चित्रांत सणाच्या बेखमीर भाकरी करण्यात गुंतलेल्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या मिसरची कथा पुण्याच्या ओसरीवर आणून ठेवणाऱ्या त्या चित्राने मुलांना जे सांगितले, ते कोणत्याही भाष्याहून अधिक होते. पूर्वी 'अनाशी ढाकाच्या सणा'ला क्रिया होती आणि कथा नव्हती. आता क्रियेला कथा मिळाली.

परंतु याच वेळी नव्या अडचणीही आल्या. घाणा निदान दाराशी होता. बाप दिवसभर राबला तरी मुलाच्या नजरेसमोर राबत असे. आता बाप पलटणीबरोबर, रेल्वेबरोबर, तारखात्याबरोबर दूरदूर जाऊ लागला. कराची, अहमदाबाद, अजमेर, एडन अशा ठिकाणी कुटुंबे पांगली. कराचीत १८९३ साली आणि अहमदाबादेत १९३४ साली सभागृहे बांधली गेली. पण आडवाटेच्या स्टेशनावर नेमणूक झालेल्या घराला शेजारी धर्मबांधव नसे, आणि सरकारी नोकरीत शनिवारची सुट्टी मागता येत नसे. शाळांची वेळापत्रके वेगळी, परीक्षांची धांदल वेगळी. हाईम किहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, ती पुढे मोठी झाली आणि तिने हिब्रू शिकविले. तथापि शाळा निघाली म्हणजे घराने आपले काम तिच्यावर सोपवून मोकळे व्हावयाचे, असा धोका प्रत्येक काळात असतो, तो येथेही होता.

समाजाने त्यावर जो तोड काढला तो अस्सल मराठी होता. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल कीर्तने करू लागले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी हे सारे साज तेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. दिवसभर कचेरीत लेखणी चालविलेला बाप, घरकाम उरकलेली आई आणि पेंगुळलेली मुले एकत्र बसून ऐकत. कीर्तनातील पदे स्त्रियांनी वह्यांत उतरवून घेतली, आणि त्या वह्या आईकडून मुलीकडे जाऊ लागल्या. जात्यावर आणि पाळण्याशी जशी इतर मराठी घरांत गाणी म्हटली जात, तशी या घरांत एलिया संदेष्ट्याची गाणी म्हटली गेली. याच एलियाच्या नावाने करावयाचा 'मलिदा', म्हणजे पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचे तबक, नवसाला आणि मंगलकार्याला प्रत्येक घरी होत राहिला. जगातील अन्य यहुद्यांना तो ठाऊक नाही. पण तबकाभोवती बसलेल्या मुलाला संदेष्ट्याचे नाव कायमचे लक्षात राहण्यास तो पुरेसा होता.

शिकलेल्या पिढीलाही हा प्रश्न सुटलेला वाटला नाही. ख्यातनाम प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत उदारमतवादी यहुदी धर्मसंघाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. रुग्णालयाच्या कामाचा प्रचंड व्याप सांभाळणाऱ्या या स्त्रीला धर्माकरिता वेळ काढावासा वाटला, कारण नव्या तरुणांना अर्थ कळल्यावाचून आचार पुरेसा वाटणार नाही, हे तिने ओळखले होते. ज्या झिराडकर नावाशी राहाबीच्या आख्यायिकेतील काजींचे घराणे जोडलेले आहे, त्याच झिराड गावाचे नाव तिच्याही आडनावात आहे, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

या घरगुती शिकवणीची सर्वांत कठोर परीक्षा मात्र कोकणात नव्हे, तर दूर इस्राएलात झाली. १९४८ साली ते राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. पुढील वर्षांत त्यांपैकी पुष्कळ जण तिकडे गेले. पूर्वजांच्या भूमीत पोचल्यावर त्यांना विचारण्यात आले की, तुम्ही यहुदी कशावरून? शतकानुशतके विवाह आणि घटस्फोट यांचे शास्त्रीय नियम तुम्हांला ठाऊक नव्हते. मग तुमच्याशी इतर यहुद्यांचे विवाह व्हावे कसे? १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी वंशपरंपरेची चौकशी करण्याचे निर्देश दिले. राहाबीने मासळी पुढे ठेवून जी परीक्षा घेतली होती तीच जणू पुन्हा मांडली गेली. फरक इतकाच की, या वेळी परीक्षक कागद मागत होते, आणि घराच्या शाळेने कागद कधी दिलेच नव्हते. सभा झाल्या, निदर्शने झाली, धरणी धरली गेली. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने व सरकारने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे स्पष्ट केले.

आज भारतातील यहुद्यांची संख्या काही हजारांवर आली आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत घरे आहेत, पण त्यांतील पुष्कळ माणसे गेली आहेत. उलट इस्राएलात गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले आणि कीर्तनाची पदे व मलिद्याचे तबक तेथेही नेले. एके काळी मराठी घराने हिब्रू धर्म सांभाळला. आता हिब्रू बोलणारी घरे मराठी वारसा सांभाळू पाहत आहेत. मुलांना तो कितपत पोचेल, याची काळजी तेथील आजीआजोबांना तशीच आहे, जशी ती कधी काळी नवगाव-किहीमच्या आईबापांना असेल.

'शमा' या प्रार्थनेविषयी एक गोष्ट शेवटी सांगावयास हवी. बेने इस्राएलांना तिचे आरंभीचे शब्द तेवढे पाठ राहिले होते. पुढचा भाग समुद्राने गिळलेल्या ग्रंथांबरोबर गेला होता. त्या पुढच्या भागात आईबापांना आज्ञा आहे की, हा धर्म आपल्या लेकरांना शिकवावा, आणि तो घरात असताना, वाटेने जाताना, झोपी जाण्याच्या आणि उठण्याच्या वेळी त्यांच्याशी बोलत राहावे. त्यासाठी निराळा तास, निराळी जागा सांगितलेली नाही. नित्याच्या जगण्यातील वेळाच तेवढ्या सांगितल्या आहेत. कोकणातील या तेल्यांना ही आज्ञा शेकडो वर्षे ठाऊक नव्हती. कोचीनच्या शिक्षकांनी ती त्यांना वाचून दाखविली, तेव्हा शुक्रवारी थांबणारे घाणे आणि कोळिणीच्या पाटीतून निवडली जाणारी मासळी यांच्या रूपाने ती त्यांच्या घरांत पाळली जातच होती.